पोटातल्या बाळाच्या तपासण्या: नाशिककरांसाठी आठवड्यांचा हिशेब

नाशकात तपासणीसाठी रक्त द्यायला जागांची वानवा नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, इंदिरानगर, कुठेही गेलात तरी चार पावलांवर एखादं कलेक्शन सेंटर असतं. सकाळी घरी येऊन सॅम्पल नेणारेही आहेत. गरोदरपणातल्या तपासण्या हुकतात त्या तारखांमुळे. "तिसरा महिना पूर्ण होऊ दे, मग बघू" असं घरात ठरतं आणि मग कळतं की डबल मार्कर या रक्ततपासणीची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली. म्हणून या लेखात दरपत्रक नाही, आठवडे आहेत. कोणती तपासणी कधी करायची, सॅम्पल देताना काय तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट आल्यावर पुढचं पाऊल कोणतं, याच क्रमाने जाऊ.

आधी तारीख पक्की करा

आपल्याकडे "चौथा लागला" म्हणजे कोणी तीन महिने पूर्ण झाले असं समजतं, तर कोणी पाळी चुकल्यापासून मोजतं. लॅबला यातलं काहीच चालत नाही. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते, आणि तीही पूर्ण झालेल्या आठवड्यांत आणि वरच्या दिवसांत. पाळीची आठवण अनेकींना सणावरून असते: "गणपती बसायच्या दोन दिवस आधी", "गडावरच्या चैत्रातल्या यात्रेच्या वेळी". हरकत नाही, पण घरी कॅलेंडर उघडून तिची इंग्रजी तारीख काढा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

समजा शेवटची पाळी १० जानेवारीला आली. लीप वर्ष नसेल तर ११ आठवडे २८ मार्चला पूर्ण होतात, आणि १३ आठवडे ६ दिवस १७ एप्रिलला. एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि डबल मार्कर या दोन तारखांच्या मधेच व्हायला हवेत. १६ मेला १८ आठवडे, ३० मेला २०, २७ जूनला २४. प्रसूतीची अंदाजे तारीख १७ ऑक्टोबर. आपली तारीख घेऊन हाच हिशेब एकदा कागदावर करा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

पाळी अनियमित असेल, अंगावर दूध असताना दिवस राहिले असतील किंवा तारीखच आठवत नसेल, तर सुरुवातीच्या सोनोग्राफीतली बाळाची लांबी प्रमाण मानतात. रिपोर्टवर ती सीआरएल म्हणून लिहिलेली असते. ही तारीख डॉक्टरांनी एकदा ठरवली की तीच शेवटपर्यंत धरायची. सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर प्रसूतीची वेगळी तारीख छापून येते आणि घरात धावपळ सुरू होते. ते मशीनने बाळाच्या त्या दिवसाच्या मापांवरून काढलेलं अनुमान असतं. त्यावरून तारीख बदलायची नसते.

पहिल्या भेटीतलं रक्त

ही यादी बहुतेक ठिकाणी सारखीच असते: हिमोग्लोबिनसह सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस, थायरॉइडची टीएसएच, साखर आणि लघवी. एचआयव्ही किंवा सिफिलिसचं नाव काढलं की काही घरांत भुवया उंचावतात. पण ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची करतात, त्यात संशय कोणावरच नसतो. सिफिलिस वेळेत सापडला तर पेनिसिलिनने बाळ वाचतं. एचआयव्हीमध्ये आईची औषधं लवकर सुरू झाली तर बाळाला लागण होण्याची शक्यता खूपच कमी होते. कावीळ बी असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणजे प्रसूतीच्या जागी ते आधीपासून तयार हवं.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गरोदरपणात तो अॅनिमिया धरतात आणि ७ च्या खाली गेलं तर तीव्र. "आमच्याकडे सगळ्यांचंच नऊ असतं" हे वाक्य ऐकायला मिळतं खरं, पण त्याने नऊचे अकरा होत नाहीत.

रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर इनडायरेक्ट कूम्ब्स ही तपासणी लागते: पहिल्या भेटीत एकदा आणि २८ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा. आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्यात का, हे त्यातून कळतं. नसतील तर त्या पुढेही तयार होऊ नयेत म्हणून २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन देतात.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया: नाशिक जिल्ह्यात ही पायरी गाळू नका

सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आईवडिलांकडून बाळाकडे येणारे रक्ताचे आजार आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा जनुक आढळतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचं वाहकपण, म्हणजे स्वतःला आजार नसताना जनुक अंगात असणं, तुलनेने जास्त दिसतं, आणि अशी कुटुंबं नाशिक शहरात, देवळाली कॅम्पला पिढ्यान्पिढ्या राहतात. बाकीच्यांनी निर्धास्त राहावं असंही नाही, हा जनुक आडनाव विचारत नाही. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेलं असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोषी जनुक असण्याची शक्यता वाढते.

तपासणीचं नाव एचपीएलसी, त्यात रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. सिकलसेलसाठी गावपातळीवर आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करतात. थॅलेसेमियाचा पहिला इशारा साध्या सीबीसीतच असतो: एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८० च्या खाली, एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली. लोह कमी असलं तरीही हे आकडे उतरतात. म्हणून "लोहाच्या गोळ्या घ्या, दोन महिन्यांनी बघू" असं होऊन बसतं आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए२ साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर ती बाई बीटा थॅलेसेमियाची वाहक असू शकते. लोहाची कमतरता खूप असेल तर हा आकडा खोटा कमी दिसतो, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

वाहक असणं हा आजार नाही. पण बायको वाहक निघाली तर नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात द्यायचं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते तपासायचं तर अकराव्या आठवड्यापासून सीव्हीएस म्हणजे वारेचा बारीक तुकडा घेऊन जनुक बघता येतो. नवरेमंडळींना इथे एकच विनंती: "मला काही त्रास नाही, मी कशाला?" म्हणत पंधरा दिवस घालवू नका.

एनटी स्कॅन आणि डबल मार्कर

खरी गडबड होते ती इथे, म्हणून थोडं थांबून वाचा.

एनटी स्कॅनमध्ये बाळाच्या मानेमागच्या त्वचेखालचा द्रव मिलिमीटरमध्ये मोजतात. डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात: फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. दोन्हींची मुदत ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, बाळाची लांबी साधारण ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. सॉफ्टवेअर हे सगळं आईच्या वयाशी जोडून डाउन सिंड्रोम म्हणजे ट्रायसोमी २१, आणि ट्रायसोमी १८ व १३ यांची जोखीम काढतं. ट्रायसोमी म्हणजे त्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन असणं. सोनोग्राफी आणि रक्त एकत्र धरलं तर डाउन सिंड्रोमच्या शंभर बाळांपैकी पंच्याऐंशी-नव्वद हेरली जातात. एनटीशिवाय नुसतं रक्त दिलं तर हे प्रमाण बरंच खाली येतं. "सोनोग्राफी नंतर करू, आधी रक्त देऊन टाकू" असं करण्यात पैसे तेवढेच जातात, उपयोग मात्र कमी होतो.

क्रम असा ठेवा. सकाळी एनटी स्कॅन. रिपोर्टची झेरॉक्स घेऊन त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत रक्त. उपाशी राहायची गरज नाही, फक्त आधी फार तेलकट-तुपकट खाऊ नका, सीरम गढूळ झालं तर सॅम्पल परत मागवतात. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर त्यामुळे आकडे फिरतात.

मग काउंटरवरचा फॉर्म. तो घाईघाईत भरला जातो, आणि जोखमीचा आकडा त्यावरच उभा असतो. स्वतः वाचून या गोष्टी पडताळा: जन्मतारीख (वय नव्हे, तारीख), त्या दिवशीचं वजन, सीआरएल आणि सोनोग्राफीची तारीख, एनटीचा आकडा, बाळ एक की जुळी, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे का, तंबाखू-सिगारेटची सवय, गर्भधारणा आयव्हीएफने झाली का, आधीच्या बाळाला डाउन सिंड्रोम होता का. आयव्हीएफमध्ये दुसऱ्या स्त्रीचं बीज वापरलं असेल तर वय तिचं धरायचं असतं. सासूबाई सोबत असल्या की हे सांगताना जीभ अडखळते. अशा वेळी फॉर्म हातात घेऊन स्वतः लिहावा, ते सोपं पडतं.

वजनाचं महत्त्व का, तर अंगाने भारी बाईच्या शरीरात रक्त जास्त, त्यामुळे हे घटक पातळ होऊन कमी दिसतात. सॉफ्टवेअर वजन बघून ती दुरुस्ती करतं. ६५ च्या जागी ५६ टाइप झालं तर दुरुस्तीही चुकीचीच होणार. वजन अंदाजाने सांगू नका, तिथल्या काट्यावर उभ्या राहा.

आणखी एक प्रश्न बेधडक विचारा: "सॅम्पल इथेच लागतं की बाहेर जातं?" मार्करची सॅम्पल नाशिकहून बऱ्याचदा मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला जातात. त्यात गैर काही नाही. पण रक्त उन्हात, गरम जागी पडून राहिलं तर त्यातलं एचसीजी फुटून फ्री बीटा वाढतं आणि जोखीम खोटी चढते. सीरम लवकर वेगळं करून थंड पेटीतून जायला हवं. एप्रिल-मेमध्ये शक्यतो सकाळी लवकर जा, आणि सॅम्पल त्याच दिवशी निघणार ना, हे विचारा. लॅबचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता लॅबला आहे का, तेही बघा.

रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा

रिपोर्टवर १:२०० असं काहीतरी असतं आणि शेजारी लाल अक्षरात "स्क्रीन पॉझिटिव्ह". घरात रडारड सुरू होते. याचा अर्थ इतकाच: अशाच आकड्यांच्या दोनशे बायका घेतल्या तर एकीच्या बाळाला तो दोष असेल, एकशे नव्व्याण्णव जणींच्या बाळांना नसेल. बहुतेक लॅब १:२५० ही सीमारेषा धरतात, म्हणून १:२०० लाल आणि १:३०० हिरवा दिसतो, पण दोन्हींत फरक किती थोडा आहे ते बघा. हिरवा रिपोर्ट म्हणजे हमी नाही आणि लाल म्हणजे निदान नाही. ही चाळणी तपासणी आहे. शंभर बायकांमागे पाचेक जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतोच, आणि त्यातल्या बहुतेकींची बाळं ठणठणीत असतात.

लाल रिपोर्ट आला की डॉक्टरांकडे जायच्या आधी वरची यादी पुन्हा काढा आणि रिपोर्टवर छापलेली जन्मतारीख, वजन, सीआरएल जुळवून बघा. माहिती चुकली असेल तर लॅब नवी माहिती घालून जोखीम पुन्हा काढून देते, त्यासाठी दरवेळी नवं रक्त लागतंच असं नाही.

रिपोर्टवर मॉम नावाचा आणखी एक रकाना असतो. तुमचा आकडा त्या आठवड्यातल्या मधल्या आकड्याच्या किती पट आहे, ते तो सांगतो. १ म्हणजे अगदी मध्यावर. डाउन सिंड्रोममध्ये पॅप-ए साधारण निम्मं आणि फ्री बीटा दुप्पट होण्याकडे कल असतो. जोखीम कमी आली पण पॅप-ए खूपच कमी, ०.४ च्या खाली असेल, तर तो कागद कपाटात टाकू नका. वार नीट काम करत नसल्याचा तो इशारा असू शकतो. बाळाची वाढ आणि आईचं बीपी यांवर मग जास्त लक्ष ठेवावं लागतं. बीपी वाढण्याचा धोका जास्त वाटला तर डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात. स्वतःहून मात्र सुरू करायची नाही.

जोखीम जास्त आली तर: एनआयपीटी की अॅम्निओ?

एनआयपीटीमध्ये आईच्या दंडातूनच रक्त घेतात आणि त्यात तरंगणारे वारेचे डीएनएचे तुकडे मोजतात. दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाउन सिंड्रोमसाठी ती शंभरात नव्व्याण्णव वेळा हेरते. खर्च डबल मार्करच्या कितीतरी पट. जोखीम मधल्या पट्ट्यात, म्हणजे १:२५० ते १:१००० च्या दरम्यान असेल तर बरेच डॉक्टर हीच सुचवतात, आणि मलाही ते पटतं. पण हीसुद्धा चाळणीच. डीएनए वारेचा असतो, बाळाचा थेट नव्हे. जुळ्यांपैकी एक सुरुवातीलाच विरघळलेलं असेल तरी रिपोर्ट फसू शकतो. आईचं वजन जास्त असेल किंवा रक्त फार लवकर घेतलं तर वारेचा डीएनए अपुरा पडून "नो रिझल्ट" येतो.

निदान हवं असेल तर दोनच मार्ग: सीव्हीएस, साधारण ११ ते १४ आठवड्यांत, किंवा अॅम्निओसेंटेसिस, १५ आठवड्यांनंतर. अॅम्निओत सोनोग्राफीत बघत बारीक सुईने गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढतात. गर्भपाताचा धोका अनुभवी हातात अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. क्यूएफ-पीसीआर किंवा फिश या ठरावीक गुणसूत्रांच्या झटपट तपासणीचा रिपोर्ट काही दिवसांत येतो, सगळी गुणसूत्रं बघणाऱ्या पूर्ण कॅरिओटाइपला दोन-तीन आठवडे लागतात. निगेटिव्ह रक्तगट असेल तर सुईनंतर अँटी-डी घ्यायचं, हे आठवण करून सांगा.

एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, सोनोग्राफीत व्यंग दिसलं असेल, किंवा एनआयपीटी पॉझिटिव्ह आली असेल, तर सरळ निदानाच्या तपासणीबद्दल बोला. वाढलेल्या एनटीमागे एनआयपीटीला न दिसणारी कारणंही असतात, हृदयाचे दोष त्यातलेच. नुसत्या एनआयपीटीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय कोणीही घेऊ नये, इतकं मी ठामपणे म्हणेन.

घड्याळ इथेही चालूच असतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांच्या मताने, आणि २४ नंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर, तेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासरची सही कायद्याने लागत नाही. ठेवायचं की नाही हा निर्णय तिचा. रिपोर्ट वेळेत आला तर तो विचार करायला तिला दिवस मिळतात.

आणि हो, मुलगा की मुलगी हे यातल्या कुठल्याच रिपोर्टवर येणार नाही. लिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, देशाचा १९९४ मध्ये आला. सोनोग्राफीला एफ फॉर्म आणि ओळखपत्र मागतात ते त्याचसाठी. विचारूच नका.

चौथ्या-पाचव्या महिन्यात

डबल मार्कर हुकली तर आईच्या रक्तातले चार घटक मोजणारी क्वाड्रुपल मार्कर आहे, १५ ते २० आठवड्यांत. ती डबल मार्कर आणि एनटीच्या जोडीपेक्षा थोडी डावी, डाउन सिंड्रोम साधारण ऐंशी टक्के हेरते. दोन्ही चाळण्या करून दोन वेगळे आकडे घेऊन बसू नका, गोंधळच होतो. क्वाड्रुपलमधल्या चार घटकांपैकी एएफपी अडीच मॉमच्या वर असेल तर पाठीच्या कण्याच्या दोषाची शंका घेऊन सोनोग्राफी बारकाईने करतात.

त्यानंतर अॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव बघणारी सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांत. मार्कर सगळे हिरवे आले तरी हा स्कॅन गाळायचा नाही, कारण फाटलेला ओठ, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं यातलं रक्तात काही दिसत नाही.

साखरेची तपासणी

सरकारी पद्धत सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशीपोटी यायची अट नाही. पेठ-सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या बाईला भाकरी खाऊन निघता येतं, ही मोठी सोय आहे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका, वारेच्या हार्मोन्सचा जोर गरोदरपणाच्या उत्तरार्धात वाढतो. दोन तास तिथेच शांत बसायचं, मेनरोडला खरेदीला जायचं नाही.

शेवटचे तीन महिने

सीबीसी पुन्हा, लघवीत प्रथिनं, बीपी. बीपी १४०/९० किंवा वर गेलं तर प्लेटलेट्स, यकृत आणि किडनीच्या तपासण्या लागतात. तळहात-तळपायांना खाज सुटली, रात्री जास्त, तर "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जा पीत बसू नका. रक्तातलं बाइल अॅसिड (पित्तातलं आम्ल) आणि यकृताची तपासणी करून घ्या, त्याचा संबंध थेट बाळाच्या जिवाशी असू शकतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर लॅबचा नाही, दवाखान्याचा रस्ता धरा, त्याच दिवशी.

कुठे, आणि फाइलचं काय

त्र्यंबक नाक्यावरचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेची नाशिकरोडचं बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन ही रुग्णालयं, आणि ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रं, इथे पहिल्या भेटीच्या मूलभूत तपासण्या होतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेत गरोदर स्त्रीच्या तपासण्या मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. आशाताईंना विचारलं तर आपल्या भागात नेमकं कुठे ते सांगतात. डबल मार्कर, एनआयपीटी मात्र या यादीत गृहीत धरू नका. आधी विचारून पैशांची सोय दहाव्या आठवड्यातच करून ठेवा, मुदतीच्या शेवटच्या दिवशी उसनवारी नको.

पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, मालेगाव, धुळे, जळगाव, कुठेही. जाताना ओटीच्या सामानाआधी फाइल भरा: रक्तगट, कूम्ब्स, कावीळ बी, साखर, एचपीएलसी, सगळ्या सोनोग्राफी आणि माता-बाल संरक्षण कार्ड. सगळ्यांचे फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये. निगेटिव्ह रक्तगट असेल तर पहिल्या पानावर ठळक लिहा: बाळाचा गट पॉझिटिव्ह आला तर आईला अँटी-डी प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत. तालुक्याच्या गावात ते इंजेक्शन रात्री-बेरात्री मिळेलच असं नाही, म्हणून ते कुठे मिळतं याची चौकशी माहेरी पोचल्या आठवड्यात वडिलांना किंवा भावाला करायला लावा.